पाहुण्याचं आश्चर्य

(मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज छापतानाही तसाच ठेवला आहे.)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांना पाहण्याचा योग मला आला नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मात्र त्यांच्याबद्दल पुष्कळ ऐकलं. धडा हिंदीत व्हायचा, अवघड जागा आली की गुरुजी तीच मराठीत समजावून सांगायचे, आणि मागच्या बाकावरच्या पोरांचे चेहरे कोरेच राहिले तर मोडक्यातोडक्या गोंडीत पुन्हा एकदा सांगायचे. त्या गोंडीला पोरं हसायची आणि हसता हसता गणित शिकायची. आजच्या विषयाला याहून चांगली प्रस्तावना मला सुचली नसती.

विषय आहे, परमुलखातल्या प्रवासात भेटणारी मायाळू माणसं आणि भाषेने दिलेले धक्के. ‘हा विषय पुण्या-मुंबईला शोभतो, पांढुर्ण्यात कशाला?’ असं कुणीतरी संयोजकांना विचारलं म्हणे. माझं मत उलटं आहे. परदेशी गेलेल्या माणसाला जे धडपडत शिकावं लागतं, ते इथला माणूस आठवडी बाजारात न शिकताच करत असतो. समोरचा कोण आहे हे ओळखायचं, त्याला झेपेल अशी भाषा काढायची आणि व्यवहार पुरा करायचा. विमानाचं तिकीट न काढता होणारा हा प्रवास आहे.

आपल्या प्रवासवर्णनांत भाषेच्या गमती भरपूर असतात. तिथे हा शब्द असा वापरतात, तो शब्द तसा उच्चारतात; वाचताना मौज वाटते. पण या मौजेत एक गोष्ट निसटते. आश्चर्य नेहमी पाहुण्याला वाटतं. ज्याच्याबद्दल ते वाटतं, त्याला त्यात नवल काहीच नसतं. तो आपला रोजच्यासारखा बोलत असतो. तेव्हा प्रवाशाने लिहून ठेवलेल्या आश्चर्यातून यजमानाबद्दल कळतं थोडं आणि प्रवासी घरून कोणता नकाशा डोक्यात घेऊन निघाला होता, हे कळतं जास्त. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचे दाखले याच्यासाठी.

पहिला दाखला इथलाच देतो. सौंसरजवळच्या एका गावात पुण्याकडची काही स्नेही मंडळी माझ्याबरोबर आली होती. संत्र्याचा बगीचा पाहून झाला, ओसरीवर चहा आला. घरच्या बाई मोकळेपणी बोलत होत्या. आमच्यातले एक गृहस्थ भारावून म्हणाले, ‘मावशी, तुम्ही मध्य प्रदेशात राहून मराठी किती छान बोलता हो!’ बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मंग काय बोलू जी? मायनं हेच शिकवलं.’ मग पाहुण्याचा मान राखावा म्हणून पुढे म्हणाल्या, ‘तुमचीही बरीच चांगली हाये.’

ओसरी हसली. ते गृहस्थही हसले, पण जरा उशिरा. त्यांची स्तुती मनापासूनची होती, यात शंका नाही. पण एखाद्याला त्याच्याच आईच्या भाषेबद्दल शाबासकी देणं म्हणजे त्याला त्या भाषेत उपरा ठरवणं. बाईंनी रागावून भाषण दिलं नाही. शाबासकी तेवढ्याच वजनाची करून परत केली. यजमानपणाचा इतका तल्लख नमुना मी परदेशातसुद्धा पाहिलेला नाही.

आता त्या नकाशाकडे पाहू. नागपूर शहर १७०२च्या सुमारास वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने. देवगडचा किल्ला आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. म्हणजे नागपूरकर आज इथे ‘एमपीत जाऊन येतो’ म्हणत येतात, पण त्यांचं शहर वसवणारा राजा या बाजूच्या डोंगरांतून खाली उतरला होता. पुढे भोसल्यांचं राज्य आलं, मग इंग्रजांचा मध्य प्रांत. १९५० साली त्याचं नाव मध्य प्रदेश झालं, तेव्हा राजधानी नागपूरच होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्याच्या भाषा होत्या. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५च्या सप्टेंबरात आला. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा एकक मानला. जिल्हा एका बाजूला गेला की त्यातली तहसील त्याच्या मागोमाग जाणार, मग तिथल्या घरांत काहीही बोललं जात असो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत तुम्हीही.

इथल्या माणसाने घर सोडलं नाही, बैल विकले नाहीत, बिऱ्हाड बांधलं नाही. राजधानीच उठून भोपाळला गेली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा वेगळा जिल्हा झाला. कचेरी जवळ आली, कचेरीची भाषा हिंदीच राहिली. सोयरीक मात्र या सगळ्या काळात महाराष्ट्रातल्या काटोल, नरखेड, सावनेर, वरुडशीच चालू आहे. दुखणं वाढलं की नागपूर गाठायचं आणि फेरफाराचं काम असलं की तहसील. एकाच कुटुंबात सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात, हे इथे कुणी लक्षातही घेत नाही. पाहुण्याच्या डोक्यात मात्र सीमेवरच्या पाटीपाशी मराठी संपलेली असते. म्हणून पाटीच्या पलीकडे ती ऐकू आली की तो दचकतो.

बाहेरच्या जगाला पांढुर्णा माहीत आहे तो वर्षातल्या एका दिवसापुरता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलं जातं, त्यावर झेंडा लागतो, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. दूरदर्शन वाहिन्या त्या दिवशी रक्त दाखवतात आणि निघून जातात. गोटमारीत माणसं जायबंदी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडूंचा पर्याय देऊन पाहिला, तो रुजला नाही. या प्रथेचं समर्थन करायला मी इथे उभा नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या एका दिवसाच्या चित्रावरून जो पाहुणा तुमच्याबद्दल मत बनवतो, त्याला उरलेल्या वर्षात तुम्ही एकमेकांशी आणि परक्यांशी कसे वागता, याची काहीच कल्पना नसते. तो यायला घाबरतो. आला, तर इतकी आपुलकी पाहून चकित होतो. त्याची भीती आणि त्याचं चकित होणं, दोन्ही एकाच अज्ञानातून आलेली असतात.

आता शब्दांकडे. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला इथल्या भाजीवालीने ‘सांबार घेता का जी?’ विचारलं, तर तो भांडं शोधू लागेल. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी असते. तो ‘कोथिंबीर’ म्हणतो, ती ‘सांबार’ म्हणते, जुडी मात्र पिशवीत जाते. शब्दांचे असे धक्के सुखद असतात, कारण ते लगेच सुटतात. व्याकरणाचे धक्के अधिक खोल जातात. ‘पोरगं जेवून राह्यलं’ हे वाक्य पुण्याचा माणूस ऐकतो, तेव्हा पोरगं जेवलं आणि मुक्कामाला राहिलं असं त्याला वाटतं. इथे त्याचा अर्थ पोरगं आत्ता, या क्षणी जेवत आहे. हिंदीतल्या ‘खा रहा है’ची घडण आणि मराठीचे शब्द, असा हा संसार आहे. नागपुरात, वऱ्हाडातही तो आहे.

याला अशुद्ध म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण देतो. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली त्या गावाच्या बोलण्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो भाषाविज्ञानाच्या वर्गांतून आजही शिकवला जातो. कुपवाडात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. अभ्यासकांना असं दिसलं, की रोजच्या देवघेवीत या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्यातले शब्द एकेक करून बदलले की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार होतं. शब्द मात्र प्रत्येकाने आपापले सांभाळले, कारण घराची ओळख त्यांत होती. कुणी परिषद भरवून हे ठरवलं नव्हतं. शेतावर, दुकानात, विहिरीवर एकमेकांना समजून घेता घेता ते घडलं. ‘जेवून राह्यलं’ ही तशाच शेजारपणाची नोंद आहे. ती दुरुस्त करायला लाल पेन काढणाऱ्याने आधी त्या शेजारात काही वर्षं काढून पाहावीत.

इथला संत्र्याचा धंदाच घ्या. आंबिया बहाराचं असो की मिरगाचं, फळ झाडावर असतानाच बगीच्याचा सौदा होतो. दिल्लीकडचा व्यापारी आला की बगीचेवाला हिंदीत भाव करतो. तोडीच्या मजुरांशी मराठीत बोलतो, त्यांच्यातल्या गोंड म्हाताऱ्याला गोंडीत हाक मारतो. घर पवारांचं असेल तर आत वळून आईशी पवारीत बोलतो. आणि माझ्यासारखा कुणी आला की पाठ्यपुस्तकातली मराठी झटकून बाहेर काढतो. त्याच्या या कसबाला कुणी बहुभाषिकतेचं प्रमाणपत्र देत नाही. युरोपातल्या हॉटेलात चार भाषा बोलणारा स्वागतकक्षातला मुलगा भेटला, की आपण घरी येऊन त्याचं कौतुक वर्षभर सांगतो.

आता थोडं दूर जाऊ. १८८३च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर नावाची अमेरिकन बाई आली होती. या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे थांबलेल्या असताना एका मिशनरी नियतकालिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचं पत्र वाचलं होतं आणि त्यातल्या अनोळखी मुलीच्या शिकण्याच्या ओढीने त्या हलल्या होत्या. मग पत्रव्यवहार झाला, जिव्हाळा जमला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ज्या देशात त्यांचं लुगडं, त्यांचं जेवण, त्यांचा धर्म सगळंच नवलाचं होतं, तिथे एका घराने त्यांना आधी जागा दिली आणि नवल नंतर केलं. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. पकीप्सी इथल्या कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत त्या आहेत. परक्या मुलखात नातं कसं जुळतं, याचं मराठीतलं हे सर्वांत मोठं उदाहरण असेल. कार्पेंटरबाईंना मराठी येत नव्हती. मावशी व्हायला त्याने त्यांचं काही अडलं नाही.

दुसरं उदाहरण याच्या अगदी विरुद्ध आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शतकानुशतकं मराठी बोलत आले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. तुम्ही इथले कसे, असं गावाने विचारलं नाही. १९४८ नंतर त्यांच्यातले हजारो लोक इस्राएलला गेले, आपल्या धर्माच्या देशात. तिथे १९६२ साली धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या वेळी वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. ज्या देशाला ते घर मानून आले, तिथेच ते खरे ज्यू आहेत का, हे तपासलं जाऊ लागलं. आंदोलनं झाली, धरणी झाली, आणि १९६४ साली धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. त्याच देशात त्यांनी पुढे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा आजही तिथे एलियाहू नबीच्या नावाने होतो. अश्दोद किंवा दिमोनात एखाद्या आजीच्या तोंडून मराठी ऐकून आपला पर्यटक हरखतो. त्या आजीला मात्र ‘तू खरी कोण?’ या प्रश्नाचा अनुभव आपल्यापेक्षा फार जास्त असतो. सौंसरच्या ओसरीवरची शाबासकी सौम्य होती, पण जात या प्रश्नाचीच.

तिसरं उदाहरण तंजावरचं. तिथे व्यंकोजीराजे सतराव्या शतकात गेले, त्यांच्या भोसले घराण्याचं राज्य १८५५पर्यंत टिकलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या घराण्याचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. प्रवासी तो लेख पाहतात, फोटो काढतात. त्याच गावात तमिळ हेल काढून मराठी बोलणारी कुटुंबं राहतात. त्यांच्याशी बोलताना आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर तेच सौंसरचं कौतुक उमटतं. भिंतीवरच्या मराठीपुढे आपण हात जोडतो आणि माणसाच्या तोंडची मराठी तपासायला घेतो. हे उलटं व्हायला हवं.

आणि आपल्या भागातला एक प्रवासी विसरून चालणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला गेले, जागतिक धर्म आणि शांतता परिषदेसाठी. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेला हा माणूस मराठीत लिहायचा तसा हिंदीतही लिहायचा. या पट्ट्यात दोन्ही भाषांतली भजनं सारख्याच ठेक्यावर म्हटली जातात आणि एक भाषा संपून दुसरी कधी सुरू झाली, हे टाळकऱ्यालाही कळत नाही. अशा मातीतल्या माणसाला जपानला जायला भाषेची अडचण वाटली नसेल, तर त्यात काय आश्चर्य?

इथवर तुम्हाला माझं बोलणं गोड लागलं असेल. आता थोडं तुमच्याकडे वळतो. पुण्याचा माणूस तुमची मराठी ऐकून दचकतो, याचं तुम्हाला हसू येतं, थोडं वाईटही वाटतं. पण या सभागृहात पवारी बोलणारे आहेत, कोष्ट्यांची बोली घरी ऐकलेले आहेत, गोंडी बोलणारे आहेत. बाजारात गोंड बाई आपल्या मुलीशी गोंडीत बोलते, तेव्हा आजूबाजूचे मराठीभाषक काय करतात? एखादा हसतो. एखादा म्हणतो, ‘काय गिटपिट करून राह्यली?’ आणि शिकलेला माणूस म्हणतो, ‘अरे वा, अजून बोलता तुम्ही?’ या ‘अजून’मध्ये तीच शाबासकी आहे, जी सौंसरच्या मावशींनी परत केली होती. देवगडच्या राजाची भाषा या मुलखात पाहुणी ठरते आणि आपण घरचे, हा हिशेब कुणी मांडला? सीमेवर राहणाऱ्याला अन्याय लवकर कळतो. तो स्वतःकडून होत असताना मात्र त्यालाही लवकर कळत नाही.

तेव्हा काय करावं? माझ्याकडे तीन कामं आहेत, पहिली दोन इथे बसून होण्यासारखी.

पहिलं शाळेचं. राज्यघटनेतलं कलम ३५० क १९५६च्या सातव्या दुरुस्तीने आलं, म्हणजे ज्या वर्षी तुमची राजधानी हलली त्याच वर्षी. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं ते सांगतं. ही सोय मराठीसाठी मागा. पण अर्ज लिहिताना गोंडीचं नाव त्याच कागदावर लिहा. एका भाषेचा हक्क मागणारा अर्ज दोन भाषांचा झाला, तर तो हलका पडत नाही, वजनदार होतो.

दुसरं नोंदींचं. बगीच्यातले, पऱ्हाटीतले, वावरातले, लग्नातले, पोळ्यातले शब्द इथल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी फोनवर ध्वनिमुद्रित करावेत. कोणत्या गावात, किती वयाच्या माणसाकडून ऐकलं, हे सोबत लिहावं. पवारी आणि गोंडीचेही घ्यावेत. शब्दाशेजारी ‘शुद्ध रूप’ असा रकाना ठेवू नये.

तिसरं काम महाराष्ट्रातल्या आम्हा लोकांचं. मराठीला २०२४च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. दर्जाचा अर्थ प्राचीन ग्रंथ असा होतो, तसा आज बोलणारी माणसं असाही व्हायला हवा. आमच्या संपादकांनी इथला मजकूर मागवावा आणि ‘राह्यलं’चं ‘राहिलं’ न करता छापावा. आमच्या साहित्यसंस्थांनी इथे वक्ते पाठवायला हरकत नाही, पण इथले वक्ते तिकडे बोलावणं जास्त गरजेचं आहे. यातलं पहिलं आम्ही करतो, दुसरं टाळतो. आणि आमचा पर्यटक इकडे आला, तर त्याने तुमच्या मराठीला गुण देऊ नयेत. ‘हा शब्द आमच्याकडे नाही, कशाला म्हणतात?’ एवढं विचारावं. आश्चर्य वाटण्यात गैर काही नाही. ते स्तुती म्हणून बाहेर पडलं की माणूस दूर जातो, प्रश्न म्हणून बाहेर पडलं की जवळ येतो. जगात कुठेही मैत्री झालेली मी पाहिली, ती अशा प्रश्नापासून. उत्तर देणारा माणूस त्या घटकेला आपला शिक्षक होतो, आणि ज्याच्याकडून आपण शिकलो, त्याला परका म्हणणं जड जातं.

तुम्ही मला इतका वेळ ऐकलंत. आता मी ऐकायला बसतो. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी आपल्या घरच्या भाषेत बोलावं. मला समजलं नाही, तर मी विचारीन.